मदत हवी आहे: मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर कानाच्या बाजूला काळी सावली

आईच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. लेन्स मोनोफोकल (एकाच अंतरासाठीची), अ‍ॅक्रिलिकची, काटकोनी कडेची. समोरचं स्वच्छ दिसतं, पण कानाच्या बाजूला चंद्रकोरीसारखी काळी सावली सतत जाणवते. उजेडात जास्त. त्या बाजूने हात आडवा धरला की कमी होते.

बाहुली मोठी करून पडदा तपासलाय, तिथे काही नाही. लेन्स जागेवरच आहे. चमका किंवा तरंगते ठिपके दिसत नाहीत. डॉक्टर म्हणतात, हा लेन्सच्या कडेचा परिणाम, बहुतेकांचा काही महिन्यांत जातो. लेन्सच्या मागची झिल्ली धुरकट होऊ नये म्हणून कड अशी ठेवतात, हे पटलं. जाड काडीच्या चष्म्याने थोडा फरक पडतो. त्या झिल्लीवर लेसर सध्या नको, कारण नंतर लेन्स बदलणं अवघड होतं.

आता डावा डोळा करायचाय, फार थांबता येणार नाही. मल्टिफोकल (जवळचं-लांबचं दोन्ही दाखवणारी) लेन्स सुचवू नका. सावली आहेच, त्यात रात्री दिव्यांभोवती वलयं कशाला?

अशी सावली असताना दुसऱ्या डोळ्यात तुम्ही तीच लेन्स बसवली, की कड किंवा मटेरियल वेगळं असलेली घेतली? आणि दुसरं ऑपरेशन झाल्यावर पहिल्या डोळ्यातली सावली कमी झाली का?