लाग्वार्डिया कला-शाळा: प्रवेश ऑडिशनवर की गुणपत्रिकेवर?

मेघना_क्वीन्स
भाचीला न्यूयॉर्कच्या या सरकारी शाळेत गायनासाठी जायचंय, म्हणून शाळेचा इतिहास वाचत होते. महापौर फिओरेलो लाग्वार्डिया यांनी १९३६ साली, ऐन मंदीत, संगीत आणि चित्रकलेसाठी ही शाळा काढली. त्यांचे वडील लष्करात बँडमास्तर होते. पुढे ४६व्या रस्त्यावर नृत्य-नाट्याची दुसरी शाळा निघाली. १९६१ मध्ये दोन्ही कागदोपत्री एक झाल्या, पण एका छताखाली यायला १९८४ उजाडलं, तेही लिंकन सेंटर या नाट्य-संगीतगृहांच्या संकुलाला लागून! सरकारी शाळा, म्हणजे फी न भरता कला शिकायची सोय. तिथे गुण कमी म्हणून गुणी मुलांना दाराबाहेर ठेवणं मला अन्यायाचं वाटतं. २०१९ मध्ये मुलांनी शाळेतच ठिय्या दिला तो याच रागातून, की अभ्यासापुढे कला मागे पडतेय.

विश्वास_पा
मेघनाताई, इतिहासाची एकच बाजू मांडलीत. ४६व्या रस्त्यावरची शाळा व्यवसाय-शिक्षणाच्या शाळेतून निघाली, तिथे रंगभूमीवर काम मिळवण्याची तयारी व्हायची. न्यूयॉर्कच्याच हार्लेम भागातल्या टेकडीवरची १९३६ची शाळा मात्र पहिल्यापासून गणित-विज्ञानासकट पूर्ण शिक्षण देणारी. व्हायोलिन वाजवणारं पोरगं पुढे डॉक्टर झालं तरी तिथे कुणाला वावगं वाटत नसे. त्यामुळे अभ्यासाचा आग्रह हा नंतर शिरलेला रोग नाही. चौदाव्या वर्षी मुलाचं आयुष्य एकाच कलेला बांधून टाकायचं का? पायाला दुखापत झालेल्या नर्तकीने पुढे काय करावं?

मेघना_क्वीन्स
अभ्यास शिकवा की, नको कोण म्हणतंय! माझा वाद दारावरच्या चाळणीशी आहे. हॉलिवूडचे अभिनेते अल पचिनो त्याच ४६व्या रस्त्यावरच्या शाळेत होते आणि शिक्षण अर्धवट सोडून बाहेर पडले. गुणांची चाळणी लावली तर असा मुलगा आत तरी येईल का?

अनघा_ब्रुकलिन
एका पचिनोवरून नियम ठरवू नका. आणि ऑडिशन म्हणजे न्याय, हे तरी कशावरून? नाटकासाठी दोन स्वगतं बसवायची, चित्रकलेसाठी कामाचा संच. ज्यांच्या घरी क्लासचे पैसे आहेत, त्यांची तयारी वर्षानुवर्षं चाललेली असते. गुणपत्रिका काढून टाकलीत तर उलट क्लासवाल्यांचंच फावेल.

मेघना_क्वीन्स
गायनाचं तसं नाही. एक गाणं म्हणायचं, मग दिलेले सूर परत लावायचे, ताल धरून दाखवायचा. क्लास न लावलेल्या मुलाचा कानही त्यात दिसतो. गुणपत्रिकेत तो कुठे दिसणार?

अनघा_ब्रुकलिन
गळ्याचं मान्य. चेलोसारख्या मोठ्या तंतुवाद्याचं काय? आठवीपर्यंत शाळेत वाद्य हातातच पडलं नाही, तर ते मूल ऑडिशनला वाजवणार काय? आधी शहरातल्या प्रत्येक माध्यमिक शाळेत संगीताचा शिक्षक द्या, वाद्यं द्या. मग मीही तुमच्याबरोबर गुणपत्रिका हटवा म्हणेन.