एकीकडे ‘लष्करी बंड’, दुसरीकडे ‘संक्रमण’: बड्या देशांचा दुटप्पीपणा पुराव्याने कसा दाखवायचा?

राजारामपुरी_गल्ली
शाहू जयंतीच्या सुमारास कोल्हापुरात आंतरमहाविद्यालयीन वादविवाद आहे. विषय असा: ‘लोकशाहीचा आग्रह हा बड्या देशांचा सोयीचा मुखवटा आहे’. आमच्या जोडीला अनुकूल बाजू मिळाली आहे. मुलांकडं ‘अमेरिका सौदीशी गोड बोलते आणि व्हेनेझुएलावर निर्बंध लावते’ छापाची वाक्यं भरपूर आहेत, पण समोरचा ‘प्रत्येक देशाची परिस्थिती वेगळी’ म्हणाला की गाडी तिथंच अडकते. हे वाक्य तोडता येईल असा पुरावा कुठं असतो आणि तो मांडायचा कसा? प्रत्येक वक्त्याला सात मिनिटं आहेत.

कलमकसाई
भाषणं बाजूला ठेवा, कायदा धरा. अमेरिकेच्या परराष्ट्र खर्चाच्या वार्षिक कायद्यात कलम ७००८ असतं. रीतसर निवडून आलेला सरकारप्रमुख लष्करी बंडानं हटवला गेला, किंवा ज्या बंडात लष्कराची भूमिका निर्णायक होती त्यात हटवला गेला, तर त्या देशाच्या सरकारला जाणारी बरीचशी मदत थांबते. पुन्हा लोकनियुक्त सरकार आल्याचं परराष्ट्रमंत्र्यानं प्रमाणित केलं की ती सुरू होते. वाचायला कडक वाटतं. पण ‘हे बंड आहे’ असं ठरवायचं परराष्ट्र खात्यानं, आणि ते किती दिवसांत ठरवायचं याला मुदतच नाही. सगळी मेख इथं आहे.

आता तारखा लावा. म्यानमारमध्ये १ फेब्रुवारी २०२१ ला लष्करानं सत्ता घेतली, २ फेब्रुवारीला अमेरिकेनं बंड जाहीर केलं. तिथल्या सरकारला थेट मदत मुळातच किरकोळ होती, त्यामुळं गमावण्यासारखं काही नव्हतं. नायजरमध्ये बंड २६ जुलै २०२३ ला झालं आणि निर्णय आला १० ऑक्टोबरला, म्हणजे ७६ दिवसांनी. तिथं सुमारे हजार अमेरिकी सैनिक होते, अगादेझला ड्रोनचा तळ होता. इजिप्तमध्ये ३ जुलै २०१३ ला निवडून आलेले राष्ट्राध्यक्ष मोर्सी यांना लष्करानं हटवलं. तो निर्णय कधीच झाला नाही. ‘बंड होतं की नव्हतं हे ठरवण्याची आमच्यावर सक्ती नाही’ अशी भूमिका प्रशासनानं घेतली. वर्षाला १.३ अब्ज डॉलरची लष्करी मदत पणाला होती.

एक दिवस, ७६ दिवस, कधीच नाही. फळ्यावर एवढंच लिहिलं तरी ‘परिस्थिती वेगळी’ म्हणणाऱ्याला नेमकं काय वेगळं होतं ते सांगावं लागतं, आणि सांगायला गेला की तो तळ आणि करार यांवरच येतो.

इथं एक चूक हमखास होते. ‘इजिप्तची मदत थांबलीच नाही’ असं मुलं ठोकून देतात आणि पकडली जातात. ऑक्टोबर २०१३ मध्ये एफ-१६ विमानं, हार्पून क्षेपणास्त्रं, एम१ए१ रणगाड्यांचे सुटे संच आणि २६ कोटी डॉलरची रोख मदत रोखली होती. मार्च २०१५ मध्ये शस्त्रांवरची ती बंदी उठली, आणि तेव्हा तिथं सत्तेवर मोर्सींना हटवणारे लष्करप्रमुख सिसीच होते. हा तपशील आपणहून सांगितला तर मुद्दा उलट धारदार होतो.

पंचगंगा_घाट
वरचं बरोबर आहे, पण तीन उदाहरणं तीन वेगळ्या प्रदेशांतली आणि वर्षांतली आहेत. मुरलेला प्रतिस्पर्धी त्यावरच बोट ठेवेल. त्यापेक्षा एकाच भागातले दोन देश, तोच काळ, निर्णय करणाराही तोच, अशी जोडी शोधा. माझ्या मते सगळ्यात चोख जोडी चाड आणि माली ही आहे.

चाडचे राष्ट्राध्यक्ष इद्रिस देबी आघाडीवरच्या चकमकीत जखमी होऊन गेल्याचं २० एप्रिल २०२१ ला जाहीर झालं. घटनेप्रमाणं हंगामी सूत्रं संसदेच्या अध्यक्षांकडं जायला हवी होती. त्याऐवजी ‘संक्रमणकालीन’ लष्करी परिषदेनं घटना आणि संसद दोन्ही गुंडाळली आणि देबींचा मुलगा महामत, जो स्वतः जनरल, तो प्रमुख झाला. संसदेच्या अध्यक्षांनी पद नाकारल्याचं सांगण्यात आलं. २३ तारखेच्या अंत्यविधीला फ्रान्सचे मॅक्रॉन जातीनं हजर होते. पुढं २४ मे ला मालीत लष्करानं आधीच्या बंडानंतर नेमलेल्या हंगामी राष्ट्राध्यक्ष आणि पंतप्रधानांना उचललं. मॅक्रॉन यांनी त्याला ‘बंडातलं बंड’ म्हटलं आणि जूनच्या सुरुवातीला मालीच्या सैन्याबरोबरच्या संयुक्त कारवाया थांबवल्या. आफ्रिकी संघानंही मालीचं सदस्यत्व निलंबित केलं, चाडचं केलं नाही. फरक पाच आठवड्यांचा. साहेल म्हणजे सहारा वाळवंटाच्या दक्षिणेचा पट्टा, तिथल्या फ्रान्सच्या लष्करी मोहिमेचं मुख्यालय न्जामेनात, म्हणजे चाडच्याच राजधानीत होतं, हे शेवटी सांगा. आधी सांगितलंत तर ऐकणाऱ्याला उत्तर अगोदरच कळतं.

फक्त एवढं सांभाळा: चाडला कलम ७००८ चिकटवू नका. देबींना कुणी हटवलं नव्हतं, ते मेले होते. कायद्यातली अटच लागू होत नाही. शिवाय मालीबरोबरच्या कारवाया फ्रान्सनं जुलैत पुन्हा सुरू केल्या होत्या. समोरचा तयारीचा असेल तर हे काढेल.

महाद्वार_वाचक
सर, एक विचारते. ‘बडे देश’ म्हणून तुम्ही फक्त पश्चिमेकडं बोट दाखवणार का? परीक्षक पहिला प्रश्न भारताचा विचारतील.

आपल्याकडं २००५ हे एकच साल पुरतं. १ फेब्रुवारीला नेपाळचे राजे ज्ञानेंद्र यांनी सरकार बरखास्त करून सत्ता हातात घेतली. भारतानं शस्त्रपुरवठा थांबवला, आणि ढाक्याच्या सार्क परिषदेला जाणार नाही असं कळवताना बांगलादेशातल्या सुरक्षेबरोबर नेपाळच्या घडामोडींचंही कारण दिलं. त्याच एप्रिलमध्ये लष्करप्रमुखाचा गणवेश न उतरवलेले मुशर्रफ क्रिकेटचा सामना आणि चर्चा यासाठी दिल्लीत होते. म्यानमारचे थान श्वे तर आदल्या ऑक्टोबरमध्येच राजकीय इतमामात येऊन गेले होते. याच मुशर्रफांच्या १९९९ च्या बंडानंतर काठमांडूची सार्क परिषद भारताच्या आग्रहानं पुढं ढकलली गेली आणि जुलै २००१ मध्ये त्यांनाच आग्र्याला बोलावलं गेलं.

म्यानमारचं कारण नकाशावर दिसतं: १,६४३ किलोमीटरची सीमा, ईशान्येतल्या बंडखोरांचे पलीकडचे तळ, आणि चीन. १८ जून २०२१ ला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत म्यानमारवर ठराव ७५/२८७ आला. बाजूनं ११९, विरोधात एकटा बेलारूस, तटस्थ ३६, आणि त्या ३६ मध्ये भारत. मुलांनी नुसतं मत पाहू नये, मतामागचं निवेदनही वाचावं. मसुदा घाईनं आणला, शेजाऱ्यांशी पुरेशी चर्चा झाली नाही, हे त्यात आहे. तटस्थ राहणं म्हणजे लष्कराला पाठिंबा, असं म्हणालात तर मुद्दा हातचा जाईल.

कलमकसाई
ताई, मुद्दा मान्य, पण फरक करायला हवा. मदतीला लोकशाहीची अट अमेरिकेनं स्वतःच्या कायद्यात लिहिली आहे. भारत सहसा ‘अंतर्गत कारभारात ढवळाढवळ नाही’ असं म्हणतो. ज्यानं नियमच केला नाही त्याला नियम मोडल्याबद्दल कसं धरायचं?

महाद्वार_वाचक
मग नेपाळला वेगळा नियम का? आणि फिजीत १९८७ ला बंड झाल्यावर व्यापार का तोडला? तिथं भारतीय वंशाचे लोक होते म्हणून. वंशभेदी दक्षिण आफ्रिकेशी तर १९४६ पासूनच व्यापार बंद होता. ढवळाढवळ न करण्याचं तत्त्वही सोयीनं बाहेर निघतं आणि सोयीनं कपाटात जातं. अनुकूल बाजूनं हे स्वतःच कबूल केलं तर विषय पश्चिमद्वेषाचा राहत नाही.

शिरोली_नाका
मुलांनी इराण आणि सौदीची जोडी घेतली असेल तर काढून टाका. लई मोह होतो, कारण आपल्या भागात साखरेमुळं इराणचं नाव ओळखीचं आहे. पण इराणवरच्या निर्बंधांचा मोठा भाग अणुकार्यक्रमाशी जोडलेला आहे, निवडणुकांशी नाही. ‘हुकूमशाही म्हणून निर्बंध’ हे विधान तिथं टिकत नाही.

साखरेवर तर थेट बंदी नव्हतीच, अन्नधान्याला सूट असते. अडचण पैशाची होती. तेलाच्या बदल्यातले रुपये युको बँकेतल्या खात्यात जमा व्हायचे आणि इराण त्यातून तांदूळ, चहा, साखर घ्यायचा. मे २०१९ ला इराणी तेल घेण्यासाठी अमेरिकेनं भारताला दिलेली सवलत संपली, तेल थांबलं, खात्यात नवे रुपये येईनात. वर कायद्यानं मोकळीक असलेल्या व्यवहारालाही बँका हात लावायला घाबरतात. निर्बंधांच्या विषयावर हे उदाहरण छान आहे, पण तुमच्या विषयावर नाही.

राजारामपुरी_गल्ली
सगळ्यांचे आभार. पहिला वक्ता तीन तारखा आणि चाड-माली घेईल, दुसरी नेपाळ-मुशर्रफ. सौदी पत्रकार खशोग्जी यांच्या हत्येचं प्रकरण घ्यावं का?

पंचगंगा_घाट
घ्या, पण अर्ध्या मिनिटात. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमेरिकेनं गुप्तचर अहवाल खुला केला, त्यात त्या कारवाईला सौदी युवराज मोहम्मद बिन सलमान यांची मंजुरी होती असा निष्कर्ष होता. त्याच दिवशी ७६ सौदी व्यक्तींवर व्हिसाबंदी आली, युवराजांवर कोणताही निर्बंध आला नाही. पुढच्या वर्षी जुलैत बायडेन जेद्दाला गेले. आणि हो, नायजरचे दिवसही ७६ आहेत. बोलण्याच्या भरात मुलं दोन आकडे एकमेकांत घालतील, कार्डं वेगळी करून द्या.