रिस्टोअर, रिकव्हर, रिव्हर्ट आणि 'डिलीट स्नॅपशॉट' : मराठीत काय लिहावं?

निळीशाई
एका नागरी सहकारी बँकेच्या संगणक विभागासाठी कार्यपुस्तिका मराठीत करायची आहे. विषय व्हर्च्युअल मशिनांचा (एका संगणकावर सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या संगणकांचा, म्हणजे व्हीएमचा) बॅकअप. मशिनं चालवायला व्हीएमवेअर, त्यावर विंडोज सर्व्हर, आत एसक्यूएल सर्व्हर हा डेटाबेस. वाचणार रात्रपाळीचे कर्मचारी, तेही बहुधा काहीतरी बिघडल्यावरच. दोन जागी गाडी अडली आहे.

एक : आधीच्या मसुद्यात 'रिस्टोअर' आणि 'रिकव्हर' या दोन्हींना 'पुनर्प्राप्ती' वापरलं आहे. त्यामुळे 'रिस्टोअर विथ नोरिकव्हरी' या सूचनेचं झालंय 'पुनर्प्राप्तीविना पुनर्प्राप्ती करावी'.

दोन : स्नॅपशॉट म्हणजे मागे फिरता यावं म्हणून मशीनची त्या क्षणाची स्थिती धरून ठेवणं. मसुद्यात 'डिलीट स्नॅपशॉट'चं झालंय 'क्षणचित्र हटवा', आणि त्या क्षणी परत नेणाऱ्या 'रिव्हर्ट'चं 'पूर्ववत करा'. तपासणाऱ्या दोघांपैकी एकाला हे बिनचूक वाटतं. दुसऱ्याच्या मते हे वाचून माणूस भलतंच बटण दाबेल.

शब्द सुचवा, आणि तोच का तेही सांगा.

सर्व्हररूम
दुसऱ्या तपासनिसाचं ऐका.

स्नॅपशॉट घेतला की मूळ डिस्कच्या फाइलीत लिहिणं थांबतं आणि शेजारी नावात -०००००१ असलेली नवी फाइल उघडते. पुढचं सगळं लिखाण त्या फरकाच्या फाइलीत जातं. आता 'डिलीट' केलं तर फरकाची फाइल मूळ डिस्कमध्ये मिसळते आणि मशीन आज आहे तसंच चालू राहतं. माहिती जात नाही, जाते ती मागे फिरण्याची सोय. 'रिव्हर्ट' केलं तर मात्र फरकाची फाइल फेकली जाते. सकाळी १० ला स्नॅपशॉट आणि दुपारी ३ ला रिव्हर्ट, म्हणजे पाच तासांचा भरणा आणि उचल गेली.

थोडक्यात, 'हटवा' हा भीती घालणारा शब्द सुरक्षित क्रियेवर बसलाय आणि 'पूर्ववत करा' हा दिलासा देणारा शब्द घातक क्रियेवर. मी असं लिहीन : डिलीट म्हणजे 'स्नॅपशॉट मूळ डिस्कमध्ये विलीन करा', रिव्हर्ट म्हणजे 'स्नॅपशॉटच्या क्षणी मागे जा, नंतरचं सगळं नष्ट होईल'. शब्द लांब झाले तरी चालतील.

मोडीवाचक
चूक 'हटवा'मध्ये नाही, 'क्षणचित्र'मध्ये आहे. वर्तमानपत्रांतल्या 'संमेलनाची क्षणचित्रे'मुळे या शब्दातून एकच अर्थ येतो : कुठेतरी वेगळं चित्र काढून ठेवलंय. इथे तसं चित्रच नाही. इंग्रजीतही स्नॅपशॉट मुळात शिकारीतला शब्द, नेम न धरता झटकन झाडलेली गोळी. फोटोसाठी तो जॉन हर्शलने १८६० मध्ये वापरला. म्हणजे चित्र हा त्याचाही मागाहून चिकटलेला अर्थ.

माझा शब्द 'खूणगाठ'. स्नॅपशॉट घेणे म्हणजे खूणगाठ बांधणे. डिलीट म्हणजे गाठ सोडणे : गाठ सुटली, दोरा जागेवर. रिव्हर्ट म्हणजे खूणगाठीपर्यंत उसवणे. 'उसवणे' वाचल्यावर काहीतरी जातंय हे सांगावं लागत नाही.

गोदाकाठ
'उसवणे' फार आवडला.

डेटास्टोअर
शब्द सुंदर आहेत, पण रात्री दोन वाजता स्क्रीनवर 'डिलीट ऑल' लिहिलेलं असतं. पुस्तिकेत 'खूणगाठ सोडा' असेल तर कर्मचारी ते शोधणार कुठे? स्क्रीनवरचा शब्द देवनागरीत जसाच्या तसा लिहा आणि परिणाम मराठीत सांगा.

शिवाय 'सुरक्षित क्रिया' हे अर्धंच खरं आहे. विलीनीकरणात फरकाच्या फाइलीतला प्रत्येक ब्लॉक मूळ डिस्कमध्ये लिहावा लागतो. स्नॅपशॉट तीन आठवडे पडून राहिला आणि मशीनवर लिखाण भरपूर असेल, तर फरकाची फाइल मूळ डिस्कएवढी फुगू शकते. मग डिलीट तासन् तास चालतं, डिस्कवर ताण येतो आणि शेवटच्या टप्प्यात मशीन काही क्षण थबकतं. एसक्यूएलची जोडणी तुटायला तेवढं पुरतं. म्हणून व्हीएमवेअरचा सल्ला : एक स्नॅपशॉट ७२ तासांपेक्षा जास्त ठेवू नये. एकावर एक घेतलेल्या स्नॅपशॉटांच्या साखळीत ३२ चालतात, पण दोन-तीनच्या पुढे जाऊ नये.

आणि साठ्यातली जागा संपली तर मशीन गोठतं आणि स्क्रीनवर 'रिट्राय' की 'कॅन्सल' असा प्रश्न येतो. आधी जागा मोकळी करायची, मग रिट्राय. कॅन्सल दाबलं की मशीन बंद पडतं. या दोन बटणांची मराठी नावं कितीही चांगली सुचली तरी पुस्तिकेत नकोत.

मोडीवाचक
@डेटास्टोअर, बटणाचं नाव तसंच ठेवायला माझी हरकत नाही. पण त्यापुढचं वाक्य मराठीत विचार करून लिहायचं तर शब्द लागणारच. 'दिनांक' आणि 'महापौर' हेही एकेकाळी कानाला नवे होते, ते वापराने रुळले. 'आधी रुळू दे, मग वापरू' म्हटलं तर कुठलाच शब्द रुळणार नाही.

डेटास्टोअर
'दिनांक' चुकीचा वाचला तर व्यवहार नष्ट होत नाहीत. इथे होतात. शब्द रुळवायची जागा बिघाडाच्या वेळी उघडायची पुस्तिका नव्हे.

गोदाकाठ
'खूणगाठ'ची दुसरी अडचण अशी की इंग्रजी स्नॅपशॉटचेच चार वेगळे अर्थ आहेत.

व्हीएमवेअरमध्ये वर सांगितलं तसं. मायक्रोसॉफ्टच्या हायपर-व्हीमध्ये जवळजवळ हाच प्रकार, पण कंपनीने विंडोज सर्व्हर २०१२ आर२ पासून त्याला 'चेकपॉइंट' म्हणायला सुरुवात केली. झेडएफएस या फाइल-प्रणालीत स्नॅपशॉट डिलीट केला की काही मिसळावं लागत नाही, फक्त त्याने धरून ठेवलेले जुने ब्लॉक सुटतात. पण तिथे शेवटच्याऐवजी आधीच्या स्नॅपशॉटवर रोलबॅक करायचा (मागे जायचं) तर मधले सगळे नष्ट करण्याची परवानगी द्यावी लागते. ॲमेझॉनच्या ईबीएस या क्लाउड डिस्कचा स्नॅपशॉट मूळ डिस्कपासून वेगळा साठवला जातो, डिस्क गेली तरी तो उरतो. आणि प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्व्हरमध्ये तर प्रत्येक पूर्ण बॅकअप-प्रतीलाच स्नॅपशॉट म्हणतात.

व्हीएमवेअरचा स्नॅपशॉट बॅकअप नव्हे, कारण मूळ डिस्कची फाइल गेली तर फरकाची फाइल एकटी निरुपयोगी. प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्व्हरमधला स्नॅपशॉट मात्र बॅकअपच. दोन्हींना खूणगाठ म्हणणार?

मोडीवाचक
नाही. पहिलीला खूणगाठ, दुसऱ्याला 'प्रत'. इंग्रजीने जो घोळ घातला तो मराठीत जपायची सक्ती नाही.

डेटास्टोअर
आणि वाचणाऱ्याने इंग्रजी स्क्रीनवर एकच शब्द पाहून कुठली ते ओळखायचं?

लॉगचेन
पहिल्या प्रश्नाकडे कोणी वळलंच नाही, आणि तो जास्त गंभीर आहे.

एसक्यूएल सर्व्हरमध्ये 'रिस्टोअर' म्हणजे बॅकअप फाइलीतली पानं डेटाबेसच्या फाइलींमध्ये परत भरणं. एवढ्यावर डेटाबेस वापरण्याजोगा होत नाही. कारण बॅकअप चालू असताना काही व्यवहार अर्धवट होते. 'रिकव्हरी' म्हणजे लॉग (डेटाबेसमधल्या बदलांची नोंदवही) वाचून पूर्ण झालेले व्यवहार पक्के करणं, अर्धवट राहिलेले मागे घेणं आणि मग डेटाबेस उघडणं. ओरॅकल डेटाबेसमध्येही आरमॅन या बॅकअप-साधनाच्या 'रिस्टोअर' आणि 'रिकव्हर' या वेगळ्या आज्ञा आहेत.

क्रम असा :
पहिलं, शक्य असेल तर बिघडलेल्या डेटाबेसच्या लॉगच्या शेपटाचा (अजून बॅकअप न झालेल्या शेवटच्या भागाचा) बॅकअप. हे राहिलं तर शेवटच्या लॉग बॅकअपनंतरचं सगळं जातं.
मग पूर्ण बॅकअप, नोरिकव्हरी ('रिकव्हरी अजून नको' सांगणारा पर्याय) लावून.
मग असेल तर शेवटचा डिफरन्शियल (पूर्ण बॅकअपनंतर बदललेल्याचाच बॅकअप), नोरिकव्हरी.
मग त्यानंतरचे लॉग ओळीने, एकही न गाळता, प्रत्येक वेळी नोरिकव्हरी. शेपटाचा सगळ्यांत शेवटी.
आणि मगच रिकव्हरी.

पूर्ण बॅकअपवरच नोरिकव्हरी लिहायचं राहिलं तर डेटाबेस लगेच उघडतो, सगळे खूश होतात, आणि पुढचा लॉग भरताना ३११७ क्रमांकाची चूक येते. त्यावर दुरुस्ती नाही, पूर्ण बॅकअपपासून परत सुरुवात. काही शे जीबीचा डेटाबेस असेल तर यात रात्र जाते. आणि नोरिकव्हरी लावल्यावर डेटाबेसपुढे 'रिस्टोअरिंग' दिसत राहतं. ते अडकलेलं नसतं, पुढच्या लॉगची वाट पाहत असतं. हे वाक्य पुस्तिकेत ठळक छापा, नाहीतर घाबरून कोणीतरी तो डेटाबेसच काढून टाकेल.

माझे शब्द : रिस्टोअर म्हणजे 'परत भरणे', रिकव्हर म्हणजे 'सावरणे'. 'परत भरा, पण अजून सावरू नका.'

सर्व्हररूम
'सावरणे' अचूक आहे. तोल गेलेला डेटाबेस खरोखरच स्वतःला सावरतो. वीज गेल्यावर सर्व्हर चालू होतो तेव्हाही हेच घडतं.

निळीशाई
'परत भरणे' आणि 'सावरणे' घेते. मग अख्खं मशीन बॅकअपमधून आणायचं असेल तर? तिथेही 'परत भरणे'च?

सर्व्हररूम
एरवी हो. पण 'इन्स्टंट रिकव्हरी'ला नाही. त्यात मशीन बॅकअपच्या साठ्यावरूनच चालू होतं. साठा एनएफएसने (नेटवर्कवरून फाइली वापरायच्या पद्धतीने) होस्टला, म्हणजे मशिनं चालवणाऱ्या संगणकाला जोडला जातो आणि नवं लिखाण वेगळ्या फाइलीत जातं. काही मिनिटांत मशीन उभं राहतं, पण त्याची डिस्क अजून जागेवर आलेलीच नसते. चालू असतानाच डिस्क मूळ साठ्यावर हलवायची पायरी उरते, आणि ती विसरली तर नव्या लिखाणाची फाइल फुगत राहते. म्हणून 'तात्पुरतं उभं करणे' आणि 'जागेवर नेणे' अशा दोन क्रिया लिहा.

चाचणीसाठी उभं करताना नेटवर्क तोडलेलं हवं. नाहीतर एकाच आयपी पत्त्याची (नेटवर्कवरच्या पत्त्याची) दोन मशिनं जागी होतात आणि शाखांची जोडणी कधी एकाकडे, कधी दुसऱ्याकडे जाते.

मोडीवाचक
बॅकअपला तरी मराठी शब्द घ्या. महसुलाच्या कागदांवर 'खरी नक्कल' असा शेरा असतो. जुना प्रयोग 'असल बरहुकूम नक्कल'. असल आणि नक्कल अरबीतून, बरहुकूम फारसीतून. तीनही शब्द शेकडो वर्षं मराठी दप्तरात नांदले आहेत.

लॉगचेन
सगळेच बॅकअप बरहुकूम नसतात, हीच तर मेख आहे. चालत्या मशीनची डिस्क तशीच उचलली तर ती वीज अचानक गेल्यावर राहते त्या अवस्थेत मिळते. मेमरीत असलेलं पण डिस्कवर न उतरलेलं त्यात नाही. बरहुकूम प्रत हवी तर आतल्या प्रोग्रॅमला क्षणभर थांबवावं लागतं. विंडोजमध्ये हे व्हीएसएस ही सेवा करते : रायटरांना (प्रोग्रॅमांच्या तिच्याशी बोलणाऱ्या भागांना) थांबवून धरण्याची कमाल मर्यादा ६० सेकंद, आणि डिस्कवरचं लिखाण रोखायची १० सेकंद. डिस्क संथ असेल तर मुदत टळते आणि सगळा खेळ फसतो. अशा वेळी आधी 'व्हीएसएसॲडमिन लिस्ट रायटर्स' ही आज्ञा चालवून कोण आडवा आलाय ते पाहायचं.

मशीनचा बॅकअप व्हीएसएसमार्फत होत असेल आणि एसक्यूएलचे स्वतःचे डिफरन्शियलही चालू असतील, तर मशीनचा बॅकअप 'कॉपी ओन्ली' (डिफरन्शियलच्या हिशेबात न धरला जाणारा) ठेवा. नाहीतर डिफरन्शियलचा पाया गुपचूप बदलतो. मग परत भरताना हातातला पूर्ण बॅकअप आणि डिफरन्शियल जुळत नाहीत, ३१३६ क्रमांकाची चूक येते. बॅकअपच्या वेळी सगळं हिरवं दिसलेलं असतं.

गोदाकाठ
'पूर्ववत करणे'ला माझीही एक हरकत. डोमेन कंट्रोलर (नेटवर्कवरची खाती सांभाळणारा सर्व्हर) रिव्हर्ट केला तर तो स्वतः मागे जातो, पण बाकीच्या कंट्रोलरांना त्याचे पुढचे बदल मिळून गेलेले असतात. तो जुनेच क्रमांक नव्या बदलांना देतो, आणि बाकीचे 'हे तर आलंय' समजून ते घेतच नाहीत. हे क्रमांक म्हणजे यूएसएन, म्हणून यालाच यूएसएन रोलबॅक म्हणतात. विंडोज सर्व्हर २०१२ पासून मशीनला जनरेशन आयडी मिळाला आणि कंट्रोलरला आपण मागे गेल्याचं कळू लागलं, पण त्यासाठी हायपरवायझरही (व्हीएमवेअरसारखं मशिनं चालवणारं सॉफ्टवेअर) तो आयडी देणारा हवा. सांगायचा मुद्दा, एकटं मशीन मागे गेल्याने काहीच पूर्ववत होत नाही. 'मागे नेणे' हेच प्रामाणिक.

निळीशाई
रिव्हर्टला 'मागे नेणे' घेतला. स्नॅपशॉटचं अजून ठरत नाहीये. आणि एक नवी अडचण : मसुद्यात 'ती व्हीएम' आणि 'ते व्हीएम' दोन्ही आलेत.

डेटास्टोअर
ती. कोणत्याही सर्व्हररूममध्ये जाऊन ऐका.

सर्व्हररूम
ते. ते मशीन, म्हणून ते व्हीएम.

मोडीवाचक
मशीन दोन्ही लिंगांत चालतं. पुस्तिकेत एक धरा आणि शेवटपर्यंत सोडू नका. वाक्यातलं 'ती' मशीनसाठी की फाइलीसाठी, हा प्रश्न रात्री पडता कामा नये. फाइल ती आहे, म्हणून मशीन ते ठेवा.

गोदाकाठ
आणि 'प्रून'ला, म्हणजे जुन्या बॅकअप-प्रती काढण्याला काय घेताय? सरकारी दप्तरात मुदत संपलेले अभिलेख काढून टाकण्याला 'निंदणीकरण' म्हणतात. तयार, रुळलेला शब्द आहे.

लॉगचेन
चालेल, पण प्रूनने जागा मोकळी होत नाही हे लिहाच. प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्व्हरमध्ये प्रून फक्त प्रतीची नोंद काढतो. डेटाचे तुकडे तसेच राहतात, कारण तेच तुकडे दुसऱ्या प्रतीही वापरत असू शकतात. ते उचलतो गार्बेज कलेक्शन हा वेगळा टप्पा, आणि तोही गेल्या २४ तास ५ मिनिटांत स्पर्श झालेल्या तुकड्यांना हात लावत नाही. साठा भरत आलाय म्हणून आज प्रून केलं तर आज जागा मिळेल असं धरू नये.

मोडीवाचक
निंदणीत तण काढतात, नको असलेलं. इथे काढल्या जाणाऱ्या प्रती चांगल्याच असतात. दाट उगवलेल्या रोपांतली मधली काही काढून बाकीच्यांत अंतर ठेवतात, ती विरळणी. रोजच्या ७, आठवड्याच्या ४, महिन्याच्या १२ अशा २३ प्रती ठेवून मधल्या काढणं ही विरळणीच झाली.

गोदाकाठ
'निंदणीकरण' बँकेच्या दप्तरातल्या लोकांनाही कळेल. 'विरळणी' शेतीशी संबंध असलेल्यालाच.

सर्व्हररूम
मुदत संपली म्हणून काढणं ही निंदणी, अंतर ठेवायला काढणं ही विरळणी. दोन्ही वेगळ्या क्रिया आहेत आणि सॉफ्टवेअर दोन्ही करतं. 'कीप लास्ट' (शेवटच्या अमुक प्रती ठेवा) एवढंच दिलं असेल तर विरळणी होतच नाही, फक्त जुनं टोक कापलं जातं.

डेटास्टोअर
स्क्रीनवर 'प्रून' लिहिलेलं आहे. पुस्तिकेतही प्रूनच असू द्या.