आईंच्या जन्मदाखल्याचं आधी बघा

आईंच्या अमेरिकेच्या ग्रीन कार्डासाठी कोणते कागद लागतील, असं तुम्ही विचारलंय. आय-८६४ (आईंच्या खर्चाची हमी देणारा तुमचा फॉर्म) आणि टॅक्सच्या कागदांबद्दल वर सगळ्यांनी लिहिलंच आहे. पण तुमच्या आईंचा जन्मदाखलाच नाही म्हणता, तर मुंबईच्या अमेरिकी वकिलातीतल्या व्हिसा मुलाखतीआधी तेवढं मार्गी लावा. त्यांच्या जन्मगावच्या ग्रामपंचायतीतून किंवा नगरपालिकेतून ‘नोंद उपलब्ध नाही’ असा दाखला घ्या. जोडीला जन्माची माहिती असलेल्या वडीलधाऱ्या नातलगाचं प्रतिज्ञापत्र आणि शाळा सोडल्याचा दाखला ठेवा. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव असणार, पासपोर्टवर सासरचं. त्यामुळे विवाह नोंदणीचा दाखला हवाच. त्या पिढीत लग्नात पहिलं नावही बदलायचे, तसं असेल तर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र आत्ताच करून घ्या. मेडिकलही मुलाखतीआधीच, तेही वकिलातीने नेमलेल्या डॉक्टरांकडेच. लसींचे जुने कागद सोबत न्या, काकूंना उगाच परत टोचून घ्यायला नको.