गावाहून जळगावात आल्यावर आईच्या औषधांची सोय

प्रश्न: यावल तालुक्यातून नुकतेच जळगावात राहायला आलो असून ७२ वर्षांच्या आईला मधुमेहाच्या गोळ्या गावी प्राथमिक आरोग्य केंद्रातून मिळत असत. येथे काय करावे? जुने रेशनकार्ड चालेल का?

उत्तर १: शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात जुने कागद घेऊन सकाळी लवकर जावे. सत्तरी ओलांडलेल्यांना उत्पन्नाची अट न लावता वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण देणारे आयुष्मान कार्डही काढावे. मात्र ते दाखल झाल्यानंतरच्या उपचारांसाठी असते, रोजच्या गोळ्यांसाठी नव्हे; गोळ्याही त्यावर मिळतात, हा गैरसमज आमच्याही घरी होता.

उत्तर २: आधार जोडलेले असल्यास त्याच जुन्या रेशनकार्डावर येथील दुकानात धान्य मिळते. पुढे इन्सुलिन सुरू झाल्यास आपल्याकडचा मे महिना लक्षात ठेवावा, कारण ते उष्णतेने खराब होते. फ्रिज नसेल, तर ते माठाच्या गारव्यात ठेवावे.