अनुभव धागा: पडद्यावरचा 'स्टार ट्रेक' तुम्ही पहिल्यांदा कुठे पाहिलात?

१९७९ चा 'स्टार ट्रेक: द मोशन पिक्चर' परवा पुन्हा लावला आणि घरात वाजलं. नवरा म्हणे यात काही घडतच नाही. मी म्हटलं, घडतंय की, सावकाश घडतंय. अंतराळयानावरच्या मंडळींची मूळ अमेरिकन टीव्ही मालिका १९६६ ते १९६९ चालली, ७९ भागांत आटोपली. दहा वर्षांनी तीच मंडळी थेटरात आली. मुळात नवीन मालिकाच काढायची होती, तिचाच पुढे सिनेमा झाला. तासाभराचा ऐवज सव्वादोन तास ताणलाय हे कबूल.

माझा अनुभव आधी. दादरला मामाकडे व्हीसीआर भाड्याने आणलेला. भाडं वसूल करायचं म्हणून रात्रभर कॅसेटी, त्यातली ही तिसरी. इलिया नावाची टक्कल असलेली बाई पडद्यावर आली तसा मामा ओरडला, "ही आपल्या मुंबईची! पर्सिस खंबाटा, पासष्टची मिस इंडिया!" भूमिकेसाठी तिने खरंच डोकं भादरून घेतलं होतं. कोपऱ्यात आजी पेंगत होती. तिने डोळे किलकिले करून पाहिलं आणि हळूच विचारलं, "कोण गेलं गं तिचं?"

मामाने समजावलं की ती परग्रहावरची, तिकडे सगळ्यांचं असंच. आजी म्हणाली, "बरं बाई. निदान सगळ्यांचं तरी."

आता तुम्ही लिहा. सिनेमा आवडला नसला तरी चालेल.

करडा_शर्ट: सांगली. आमची सुरुवात दूरदर्शनवरच्या मालिकेपासून, रविवारी सकाळी, तीही ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीवर. पुढे कॉलेजात कुणीतरी सांगितलं की मालिकेत लाल गणवेशाच्या शर्टवाला हमखास मरतो. आमच्याकडे सगळेच करडे, त्यामुळे कोण जाणार ते शेवटपर्यंत कळायचं नाही! नंतर केबलवर सिनेमा पाहिला. त्यात गणवेश खरंच करडे आणि फिक्या रंगाचे आहेत. लोक नावं ठेवतात, मला मात्र अगदी घरच्यासारखं वाटलं.

गोदीकर: नायक कर्क आणि इंजिनिअर स्कॉटी छोट्या यानातून एंटरप्राइज या त्यांच्या गोदीतल्या अंतराळयानाभोवती फिरतात तो प्रसंग. पाचेक मिनिटं, बोलणं जवळजवळ नाही, नुसतं जेरी गोल्डस्मिथचं संगीत. सगळे तो पुढे ढकलतात. माझे बाबा मुंबईत गोदीत वेल्डर होते, त्यांनी मला तो मागे घ्यायला लावला. दोनदा. ते कर्ककडे नाही, सांगाड्याकडे बघत होते. "जहाज सुक्या गोदीत असलं की असंच वाटतं," म्हणाले, "पाण्यात गेलं की अर्धंच दिसतं." मग जरा थांबून, "परांच्या कुठे बांधल्यात?" अंतराळात परांच्या लागत नाहीत हे मी सांगितलं. त्यांना पटलं नाही. त्यानंतर मला हा सिनेमा संथ म्हणवत नाही.

तिरपा_अँटेना: सगळ्यांची क्षमा मागून, खरा सिनेमा दुसरा, १९८२ चा, खानवाला. साधारण पाव खर्चात केलेला आणि दुप्पट थरारक. खलनायक खान नूनिएन सिंग: नावात खानही, सिंगही, आणि काम करणारा मेक्सिकोचा रिकार्डो माँटलबान. मूळ मालिकेत १९६७ च्या भागात तोच होता. हॉस्टेलवर आमचा एक सरदार मित्र दर वेळी ओरडायचा, "अरे, याची पगडी कुठेय?"

न्यू_जर्सीची_सून: २०१९ मध्ये चाळीस वर्षं झाली म्हणून इकडे थेटरात पुन्हा लागला होता. व्ही'जर, म्हणजे पृथ्वीकडे निघालेलं ते अवाढव्य यंत्र, जवळ येतो तेव्हाचा तो घुमणारा आवाज खुर्चीतून पाठीत शिरतो. ब्लास्टर बीम नावाच्या लांबलचक तारवाद्याचा आहे तो. टीव्हीवर त्यातलं निम्मंही कळत नाही. बाकी नवरा घोरत होता.

पिंपळगावकर: माझ्यासाठी सगळा सिनेमा त्या पाटीत आहे. कर्क हाताने काजळी पुसतो आणि व्ही'जर म्हणजे पृथ्वीवरूनच पूर्वी सोडलेलं व्हॉयेजर ६ हे यान निघतं, नावातली मधली अक्षरं झाकली गेलेलं. (खरे व्हॉयेजर दोनच, दोन्ही १९७७ मध्ये सुटले.) आमच्या स्टँडवरच्या पाटीवर 'पिं' आणि शेवटचा 'व' एवढंच शिल्लक होतं. बाहेरगावची माणसं 'पिंव कुठे आलं' विचारायची, आणि आम्हीही सरळ हात दाखवायचो. त्यामुळे एवढं हुशार यंत्र स्वतःचं नाव चुकीचं घेऊन विश्वभर हिंडतं, हे मला अजिबात खोटं वाटलं नाही.

धागाकर्ती: गोदीकर, परांच्यांचं घरी वाचून दाखवलं, नवरा गप्प झालाय. पर्सिस १९९८ मध्ये मुंबईतच गेली, पन्नाशीच्या आत.

आणि आजीचं काय झालं असं निरोपात विचारलंय. ती शेवटपर्यंत जागी राहिली. शेवटी यानावरचा अधिकारी डेकर आणि इलिया त्या झगमगाटात एकरूप होतात ना, तिथे पुन्हा विचारलं, "लागलं का मग तिचं लग्न?"

मामा म्हणाला, "तसंच काहीतरी." मग चौथी कॅसेट लावली.