सायन्स म्युझियममधले प्राणी काढून टाका म्हणे!

रानभूल

परवापासून एक पोस्ट सगळीकडे फिरतेय, तुम्हीही वाचली असेल. थोडक्यात म्हणणं असं की देणग्यांवर चालणाऱ्या मुलांच्या विज्ञान संग्रहालयांनी सोबतचं छोटं प्राणीघर बंद करून टाकावं, पिंजऱ्यातला प्राणी बघून मूल फक्त पिंजरा शिकतं, आणि वाचलेल्या पैशात व्हीआर हेडसेट आणावेत म्हणजे मुलांना थेट जंगलात गेल्यासारखं वाटेल. खाली ढीगभर अंगठे. मी अशाच एका ठिकाणी सुट्टीच्या दिवशी स्वयंसेवक म्हणून जाते, त्यामुळे डोकं फिरलं आणि हे लांबण लावतेय.

पहिली गोष्ट, अशा जागी वाघ-सिंह नसतात हो. कुणीतरी हौसेने पाळलेलं आणि मग नकोसं झालेलं कासव असतं. पंख मोडून वाकडा जुळलेला ससाणा असतो. आणि एखादं घुबड, जे पिल्लू असताना झाडाखाली दिसलं म्हणून कुणा भल्या माणसाने उचलून घरी नेलं (आई बहुतेक वरच्याच फांदीवर होती), हाताने भरवलं, आणि आता ते माणसांवर इम्प्रिंट झालंय, म्हणजे माणसांनाच आपल्या जातीचं समजतं. त्याला 'निसर्गात मुक्त करा' म्हणणाऱ्यांनी पुढे त्याचं काय होतं तेही सांगावं. उपाशी मरतं, दुसरं काय.

दुसरी गोष्ट, मूल काय शिकतं. आमच्याकडच्या अजगराचे डोळे मधूनच दुधाळ निळसर होतात. एक मुलगी काचेला नाक लावून म्हणाली, हा आंधळा झाला का? कीपरने उत्तर दिलंच नाही, उलट विचारलं, तुला काय वाटतं, आणि पुढच्या आठवड्यात परत ये म्हणाला. ती आली. तोवर कात पडली होती. भिंग घेऊन बसली आणि डोक्याच्या भागात तिला दोन गोल पारदर्शक चकत्या सापडल्या. सापाला पापणी नसते, डोळ्यावर खवलाच असतो, आणि कातेबरोबर तोही निघतो, हे तिला कुणी सांगितलं नाही, तिचं तिने काढलं. आणा आता तुमचा हेडसेट. तो अगदी लहान मुलांना देऊ नका असं बनवणारेच लिहितात, ते वेगळंच.

तळटीप

ती पोस्ट माझी नाही, पण अंगठा दिलेल्यांत मी आहे. काय आहे ताई, 'आम्ही वाचवलेले प्राणी ठेवतो' ही हल्ली प्रत्येकाची ढाल झालीय. वाचवलं, छान. मग त्याला मागे शांत जागी ठेवा ना, रोज पोरांच्या किंकाळ्यांत कशाला? २०२३ मध्ये मायामीच्या झूने काय केलं आठवतंय का, किवीसारखा न्यूझीलंडचा निशाचर पक्षी दिवसाढवळ्या झगझगीत दिव्यांखाली आणून लोकांना पैसे घेऊन कुरवाळायला दिला. न्यूझीलंडमध्ये बोंबाबोंब झाली तेव्हा माफी मागितली. एवढी मोठी, नावाजलेली संस्था. मग छोट्या जागांवर कोण लक्ष ठेवतं?

आणि सापाच्या डोळ्याची गोष्ट गोड आहे. पण अशी मुलगी एखादीच. बाकीची काचेवर थापा मारून पुढे जातात.

रानभूल

मायामीने माफीबरोबर तो कार्यक्रमही लगेच बंद केला, तेवढं गाळलंत. आणि अभ्यासच हवा असेल तर क्लब आणि मेसन यांचा २००३ चा 'नेचर'मधला पेपर बघा. मांसाहारी प्राण्यांत ज्यांची रानातली भटकंती मोठी, ध्रुवीय अस्वलासारखे, त्यांचे कैदेत जास्त हाल. आमच्या कासवाला ध्रुवीय अस्वलाच्या रांगेत बसवू नका.

तळटीप

मोठ्यांचे हाल होतात म्हणजे छोटे मजेत असतात हे त्या पेपरात कुठे आहे? कासव कुरकुर करत नाही म्हणून सुखी, असंच ना?

हिशेबनीस

मी अशाच एका ट्रस्टचं खजिनदारपद सांभाळलंय, नाव सांगत नाही. प्राणी ठेवा नाहीतर काढा, पण 'वाचलेले पैसे' हे दोन शब्द वाचून हसू आलं. कुठले वाचलेले? तिकिटातून खर्चाचा एक भाग निघतो, उरलेलं देणग्यांतून, आणि देणगीदार देतो कशासाठी? नव्या दालनासाठी. कारण दालनावर नाव लागतं. पगाराला नाव लागत नाही, व्हेटच्या, म्हणजे प्राण्यांच्या डॉक्टरच्या, बिलाला नाव लागत नाही, बिघडलेल्या मोटरीला तर नाहीच नाही. त्यात देणगी त्याच कामासाठी राखीव, इकडची तिकडे वळवता येत नाही. म्हणजे शेजारी चकाचक नवीन दालन आणि अलीकडे निम्म्या प्रयोगांवर 'बंद आहे'.

सरपटणाऱ्यांच्या यूव्हीबी (अतिनील किरणांच्या) दिव्याचं सांगतो. त्याचा उजेड दिसायला तसाच राहतो पण यूव्हीबी कमी होत जातं, म्हणून तो जळायच्या आधीच ठरावीक मुदतीने बदलावा लागतो, नाहीतर कॅल्शियम अंगी लागत नाही, हाडं मऊ पडतात, कासवाची पाठ वेडीवाकडी होते. मी बैठकीत मंजुरी मागितली तर एक विश्वस्त म्हणाले, लागतोय की दिवा, बदलायचा कशाला? यावर तासभर चर्चा. त्याच बैठकीत प्रवेशद्वाराची कमान दोन मिनिटांत पास.

तळटीप

@हिशेबनीस म्हणजे तुम्ही माझाच मुद्दा सिद्ध केलात. दिवा बदलायची ऐपत नाही तर कासव ठेवू नये. मंडळ आभारी आहे.

खडूस मास्तर

प्राण्यांचं चालू द्या. मला विज्ञानाबद्दल बोलायचंय, कारण ते तरी धड आहे असं सगळे गृहीत धरताहेत. प्रत्येक ठिकाणी तो हवेच्या झोतावर तरंगणारा चेंडू असतो. आणि प्रत्येक ठिकाणी खाली पाटी: 'हवा वेगाने वाहते म्हणून दाब कमी होतो, बर्नोली'. साफ चूक! मोकळ्या हवेत सुटलेल्या झोतातला दाब जवळजवळ आजूबाजूच्या हवेइतकाच असतो. पंख्याने त्या हवेत ऊर्जा घातलीय, खोलीतल्या स्थिर हवेशी तिची बर्नोलीच्या नियमाने तुलना करताच येत नाही. चेंडू बाजूला सरकला की झोत त्याला चिकटून वळतो, बाहेरच्या बाजूला फेकला जातो, आणि त्याची प्रतिक्रिया म्हणून चेंडू परत आत येतो. न्यूटनचा तिसरा नियम. म्हणून तर झोत तिरका केला तरी चेंडू पडत नाही.

फुलपाटी

अवांतर सुरू झालंच का 🙏 सर, सहा वर्षांच्या मुलाला चेंडू तरंगताना बघून जो आनंद होतो तो होऊ द्या ना. मी प्राथमिकला शिकवते. सहलीला नेते तेव्हा मुलं त्या चेंडूपासून हलत नाहीत.

खडूस मास्तर

आनंदाला माझी हरकत नाही, पाटीला आहे. चुकीच्या पाटीपेक्षा कोरी भिंत बरी. तीच पाटी वाचून पोरं पुढे विमानाच्या पंखाचं 'वरची हवा आणि खालची हवा एकाच वेळी मागच्या टोकाला पोचते' हे थोतांड पाठ करतात. वरची हवा आधी पोचते! वाऱ्याच्या बोगद्यात धुराचे झोत सोडून दिसतं ते.

उडता पंखा

मास्तर, बर्नोली चूक नाही, वापर चूक आहे. चेंडूला वळसा घालताना प्रवाहरेषा (हवा जाते त्या वाटा) वाकतात, वाकल्या की आतल्या बाजूला दाब कमी होतो, आणि त्याच प्रवाहरेषेवर बर्नोली लावलात तर उत्तर तेच येतं. न्यूटन आणि बर्नोली भांडत नाहीत, तुम्ही भांडताय.

खडूस मास्तर

हे मला माहीत नाही असं वाटलं का? पाटीवर 'वाकल्यामुळे' आहे का? 'वेगामुळे' आहे. कारण आणि परिणाम उलटे.

फुलपाटी

तुम्ही दोघांनी कधी चाळीस पोरांना एका तासात अख्खं म्युझियम फिरवलंय का? हातात प्रश्नपत्रिका, बस वाट बघतेय, एकाला लघवीला जायचंय, दुसरा हरवलाय. पाटी वाचतो कोण!

खडूस मास्तर

वाचत नाहीत म्हणून काहीही लिहायचं? याच वृत्तीने शाळा बसल्या. फ्रँक ओपेनहायमरने १९६९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत एक्स्प्लोरेटोरियम हे विज्ञान संग्रहालय उघडलं तेव्हा चकचकाटावर नाही, मुलांच्या हाताशी काय येतंय यावर जोर दिला. माणूस अणुबॉम्बच्या प्रकल्पावर काम केलेला भौतिकज्ञ, राजकारणात नोकरी गेली, गुरं पाळली, मग हायस्कुलात शिकवलं, आणि त्यातून ती जागा उभी केली. मुलांशी बोलायला पोरंच एक्सप्लेनर (समजावून सांगणारी) म्हणून ठेवली. तो काही 'आनंद होऊ द्या' म्हणून थांबला नाही.

फुलपाटी

शाळा माझ्यामुळे बसल्या! बरं झालं कळलं. आणि तुमच्याच उदाहरणात पाटी नाही, माणूस आहे बाजूला उभा. कीपर काय किंवा एक्सप्लेनर काय, रानभूल पहिल्यापासून तेच सांगतेय. तुम्ही मात्र पाटीवरून उतरायला तयार नाही.

रानभूल

धाग्याचं अपहरण झालेलं आहे 😐 मी घुबडाबद्दल लिहिलं होतं.

चौकस आई

मी प्राण्यांच्या बाजूने होते, आता अर्धी आहे. आमचा धाकटा अशाच एका ठिकाणी शेळ्यांना कुरवाळून आला आणि नंतर रक्ताचे जुलाब लागून दवाखान्यात होता. ई. कोलाय ओ१५७ नावाचा जंतू. हात धुवायची सोय होती, पण पार दुसऱ्या टोकाला, आणि दारात फक्त सॅनिटायझर. तो तिथे पुरेसा नसतो, माती-शेण लागलेल्या हातावर तर नाहीच, साबण आणि वाहतं पाणीच लागतं. हे मला नंतर डॉक्टरांनी सांगितलं. तिथल्या मॅनेजरचं उत्तर काय, मुलांकडे पालकांनी लक्ष द्यावं.

ते गोड कासवही साल्मोनेला (पोट बिघडवणारा जंतू) घेऊन फिरतं बरं का. अमेरिकेत १९७५ पासून चार इंचांहून लहान पाठीची कासवं विकायला बंदी आहे, कारण पोरं ती तोंडात घालायची.

उडता पंखा

हे गंभीर आहे. बेसिन बाहेर पडायच्या वाटेवरच हवं, पोराला ते टाळून पुढे जाताच येऊ नये असं. एवढं साधं डिझाइन.

रानभूल

चौकस आई, वाचून वाईट वाटलं, आता बरा आहे ना तो? आमच्याकडे फाटकाला लागूनच नळ आहे, लहान मुलांच्या उंचीचा, आणि एक स्वयंसेवक तिथे उभाच असतो. साबण न लावता कुणी सटकलं तर हाक मारतो. म्हणून सांगते, जागा बंद करून प्रश्न सुटत नाही, नीट चालवावी लागते.

चौकस आई

आहे आता बरा. पण 'नीट चालवावी लागते' हे तिथलेही म्हणायचे.

तळटीप

मुद्द्यावर येऊ का? रानभूल, पटलं नाहीच आहे, पण समजा तुमचं घुबड ठेवलं. मग तीन अटी. हातावर घेऊन फिरवणं बंद, कुरवाळणं बंद, आणि त्याला मागे जायला आडोसा, तिथे ते गेलं की पोरांना रिकामा पिंजरा दिसला तरी चालेल. तिकीट परत मागणाऱ्याला माझ्याकडे पाठवा.

रानभूल

आडोसा आहे. कुरवाळू देत नाही. पर्च (बसायचे दांडे) सुद्धा वेगवेगळ्या जाडीचे, दोर आणि कृत्रिम गवत गुंडाळलेले, नाहीतर तळपायाला बम्बलफूट (सूज आणि जखम) होतं. हातावर घेणं मात्र पूर्ण बंद करणार नाही, कारण रोज वजन घ्यायचं तर त्याला हातमोज्यावर यायची सवय लागते. लोकांसमोर आणणं कमी करता येईल, तेवढं मान्य.

तळटीप

'तेवढं मान्य'. स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.

हिशेबनीस

आणि व्हेटचं बिल?

तळटीप

काका, पोस्टवाल्याच्या हेडसेटचे पैसे द्या तिकडे. त्याला नाहीतरी कुठे खर्च करायचेत.

खडूस मास्तर

पाटीचा मजकूर मी लिहून देतो, फुकट: 'चेंडूला हाताने थोडं बाजूला ढकल. हवा आता कुठे जातेय? चेंडूच्या पलीकडे तळहात धरून बघ. झोत तिरका केला तर काय होईल, आधी सांग, मग कर.' बर्नोली नाही, न्यूटन नाही, कुणाचंच नाव नाही. झालं समाधान?

फुलपाटी

हे छान आहे. हेच आधी लिहिलं असतं तर माझ्यावर शाळा बुडवल्याचा आळ आला नसता.

उडता पंखा

मास्तर, 'तळहात' लिहिताय तर हात नक्की कुठे धरायचा ते चित्र द्या, पोरं थेट जाळीत बोटं घालतात.

रानभूल

पाटी लावते, मास्तर. चित्रही काढून घेते. फक्त आमच्या चेंडूखालच्या ब्लोअरचं बेअरिंग गेलंय, विचित्र आवाज करून तो गेल्या महिन्यापासून बंद आहे. बेअरिंगवर नाव कोरून घेणारा देणगीदार कुणाला माहीत असेल तर हिशेबनीसांना कळवा.